नेमक्या जागी ऊर्जा : कर्करोगोपचारातील कणवेगवर्धक

कणवेगवर्धक म्हणजे विद्युतभारित कणांना विद्युतक्षेत्राच्या बळावर वेग देणारे यंत्र. त्याचे नाव निघाले की बहुतेकांना जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील सत्तावीस किलोमीटर घेराचे भुयार आठवते. प्रत्यक्षात अशा यंत्रांचा फार मोठा वाटा रुग्णालयांत आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारे दहा हजारांहून अधिक रेषीय वेगवर्धक आज जगभर रोज चालतात. डॉक्टर आणि तंत्रज्ञ त्यांना ‘लिनॅक’ म्हणतात, आणि रुग्ण ‘शेक घ्यायला जायचे आहे’ असे म्हणून त्यांच्यासमोरच्या रांगेत बसतात. कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांना उपचाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर किरणोपचारांची गरज पडते.

या तंत्राच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात प्रश्न एकच राहिला आहे : गाठीला पुरेशी ऊर्जा मिळावी आणि तिला खेटून असलेल्या निरोगी अवयवांना ती शक्य तितकी कमी लागावी, हे साधायचे कसे? अधिक शक्तीचे किरण मिळवणे हा त्या प्रश्नाचा सोपा भाग होता. ती शक्ती हव्या त्या जागी आणि हव्या त्या खोलीवर खर्च करणे हा अवघड भाग आहे, आणि वैद्यकीय वेगवर्धकांची सारी प्रगती त्याच दिशेने झाली आहे.

किरणांनी पेशी कशी मरते

क्ष-किरण, इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन शरीरातून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉन उडवून लावतात. या आयनीभवनामुळे पेशीकेंद्रातील डीएनएचे धागे थेट तुटतात, किंवा पेशीतील पाण्यापासून तयार झालेले अतिक्रियाशील घटक ते तोडतात. एक धागा तुटला तर पेशी तो सहसा जोडून घेते. दोन्ही धागे एकमेकांच्या जवळ तुटले तर दुरुस्ती अवघड होते, आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी पेशी मरते.

शोषलेल्या ऊर्जेची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे मात्रा झाली. नेहमीच्या पद्धतीत रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे उपचार चालतात. घसा किंवा जिभेच्या कर्करोगात एकूण मात्रा ६० ते ७० ग्रेपर्यंत जाते. एका दिवसाच्या २ ग्रे मात्रेने शरीराचे तापमान एका सहस्रांश अंशानेही वाढत नाही. रुग्णाला त्या वेळी काहीच जाणवत नाही ते यामुळे. परिणाम होतो तो उष्णतेने नव्हे, तर ऊर्जा नेमकी डीएनएच्या आसपास खर्च झाल्याने.

मात्रा रोज थोडी थोडी देण्याचे कारणही पेशींच्या वागण्यातच आहे. निरोगी पेशी दोन बैठकांमधल्या काळात बरीचशी दुरुस्ती करून घेतात, तर कर्करोगाच्या अनेक पेशींना ते तितकेसे जमत नाही. रोजचा हा छोटा फरक महिनाभर साठत जातो आणि त्यातून उपचार साधतो. मात्र त्यासाठी प्रत्येक बैठकीत किरण त्याच जागी, तितक्याच मात्रेत पोचले पाहिजेत.

नळीपासून कोबाल्टपर्यंत

विल्हेल्म रॉन्टगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरण शोधले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा उपचारासाठी वापर सुरू झाला. निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांना काही लाख व्होल्ट विभवांतराने ओढून धातूवर आपटवले की क्ष-किरण निघतात, त्यामुळे ही नळी म्हणजे एक प्राथमिक वेगवर्धकच होती. पण दोन-अडीच लाख व्होल्टच्या किरणांची सर्वाधिक मात्रा त्वचेवरच पडते आणि आत जाता जाता ती झपाट्याने घटते. पोटातील किंवा छातीतील गाठीला पुरेशी मात्रा देईपर्यंत वरची त्वचा भाजून निघत असे.

खोलवर जायचे तर किरणांची ऊर्जा वाढवणे भाग होते. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३० नंतर सायक्लोट्रॉन विकसित केला. चुंबकीय क्षेत्रात कण वर्तुळाकार फिरवायचे आणि प्रत्येक अर्ध्या फेरीला त्यांना विद्युतक्षेत्राचा धक्का द्यायचा, ही त्यामागची कल्पना होती. तिच्यासाठी त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे भाऊ जॉन लॉरेन्स डॉक्टर होते. या दोघांच्या आईला १९३७ मध्ये असाध्य ठरवलेला कर्करोग झाला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतील दहा लाख व्होल्टच्या क्ष-किरण नळीने तिच्यावर उपचार झाले आणि त्यानंतर ती वीसेक वर्षे जगली. १९३८ पासून बर्कलीत सायक्लोट्रॉनमधून मिळणारे न्यूट्रॉन कर्करोगावर वापरून पाहिले गेले. गाठी आक्रसल्या, पण काही काळाने निरोगी ऊतींवर इतके गंभीर परिणाम दिसले की हा प्रयोग थांबवावा लागला. प्रभावी किरण हाती असणे आणि तो आवरता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या क्षेत्राला तेव्हाच मिळाला.

डोनाल्ड कर्स्ट यांनी १९४० मध्ये इलिनॉय विद्यापीठात चालू केलेला बीटाट्रॉनही काही रुग्णालयांत पोचला. पण तो जड होता आणि त्यातून मिळणारा झोत क्षीण असे. त्या काळाची गरज भागवली ती कोबाल्ट-६० ने. अणुभट्टीत तयार होणाऱ्या या किरणोत्सर्गी पदार्थातून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला पुढे ‘एमईव्ही’ म्हटले आहे. कॅनडात १९५१ मध्ये कोबाल्ट यंत्राने पहिले उपचार झाले. या किरणांची कमाल मात्रा त्वचेखाली अर्धा सेंटिमीटरवर पडते, त्यामुळे त्वचा बरीच वाचू लागली. साधी रचना आणि कमी बिघाड यांमुळे कोबाल्ट यंत्र जगभर पसरले. भारतात चेन्नईच्या अड्यार कर्करोग संस्थेत ते १९५७ मध्ये आले.

कोबाल्टच्या मर्यादाही तितक्याच ठोस होत्या. त्याचा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे असल्याने स्रोत दरमहा सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो, उपचाराचा वेळ लांबत जातो आणि काही वर्षांनी स्रोत बदलावा लागतो. स्रोत दोन सेंटिमीटर रुंदीचा असल्यामुळे झोताची कड धूसर राहते. शिवाय किरणोत्सर्गी पदार्थ कधीच बंद करता येत नाही. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली ओसाड पडलेल्या दवाखान्यातून किरणोपचार यंत्रातला सीझियम-१३७ चा स्रोत भंगार म्हणून बाहेर गेला. त्यात चौघांचा मृत्यू झाला आणि जवळपास अडीचशे लोक बाधित झाले. वेगवर्धकाचा वीजपुरवठा तोडला की त्याचा झोत त्याच क्षणी थांबतो. रुग्णालयांनी त्याच्याकडे वळण्याचे हेही एक मोठे कारण ठरले.

रडारने दिलेली ऊर्जा

एका सरळ नळीत कणांना एकामागून एक अनेक छोटे धक्के देत नेण्याची कल्पना स्वीडनच्या गुस्ताव इसिंग यांनी १९२४ मध्ये मांडली आणि नॉर्वेच्या रॉल्फ विडरो यांनी १९२८ मध्ये प्रयोगाने सिद्ध केली. कोट्यवधी व्होल्टचा दाब एकाच ठिकाणी निर्माण करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. परंतु इलेक्ट्रॉन फार लवकर प्रकाशवेगाच्या जवळ पोचतात, आणि त्यांना आटोपशीर लांबीत धक्के द्यायचे तर सेकंदाला अब्जावधी आवर्तने करणारे शक्तिशाली विद्युतक्षेत्र लागते. ते निर्माण करणारे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

ते रडारच्या गरजेतून आले. स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी १९३७ मध्ये क्लिस्ट्रॉन बनवला. बर्मिंगहॅममध्ये जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० मध्ये पोकळी-मॅग्नेट्रॉन बनवला. दुसऱ्या महायुद्धात विमाने टिपण्यासाठी ही साधने वापरली गेली. युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत त्याच सूक्ष्मतरंगांवर इलेक्ट्रॉनांना वेग देण्याचे प्रयोग सुरू झाले.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने बनवलेला ८ एमईव्हीचा लिनॅक बसवण्यात आला आणि ऑगस्ट १९५३ मध्ये त्याने पहिल्या रुग्णावर उपचार झाले. स्टॅनफर्डमध्ये डॉक्टर हेन्री कॅप्लन आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड गिन्झ्टन यांनी ६ एमईव्हीचे यंत्र उभारले. तेथील पहिला रुग्ण होता दोन वर्षांचा मुलगा. दृष्टिपटलाच्या कर्करोगाने त्याचा एक डोळा आधीच काढावा लागला होता. जानेवारी १९५६ मध्ये दुसऱ्या डोळ्यातील गाठीवर अरुंद झोत रोखण्यात आला, गाठ नष्ट झाली आणि डोळ्याची दृष्टी वाचली. पुढे कॅप्लन यांनी याच साधनाने हॉजकिन्स लिम्फोमा या रोगाच्या उपचारांचे चित्र पालटले. भारतातला पहिला वैद्यकीय लिनॅक १९७६ मध्ये अड्यारच्याच संस्थेत आला.

लिनॅकच्या आत

आजच्या लिनॅकची रचना मूलतः तीच आहे. सुरुवातीला इलेक्ट्रॉन गन असते. तिच्यातील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तांब्याच्या वेगवर्धक नळीत शिरतात. ही नळी एका रांगेत बसवलेल्या पोकळ्यांची असते आणि तिच्यात उच्च निर्वात राखलेला असतो. मॅग्नेट्रॉन किंवा क्लिस्ट्रॉनमधून येणारे सुमारे तीन गिगाहर्ट्झ वारंवारतेचे, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर लांबीचे सूक्ष्मतरंग या पोकळ्यांत भरले जातात. इलेक्ट्रॉन प्रत्येक पोकळीत पोचतो त्या क्षणी तेथील विद्युतक्षेत्र त्याला पुढेच ढकलेल, असे पोकळ्यांचे आकार ठरवलेले असतात. काही मेगावॅटची ही शक्ती सलग पुरवणे शक्य नसते. म्हणून ती काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांनी दिली जाते, आणि असे शंभर ते चारशे स्पंद दर सेकंदाला येतात.

६ एमईव्ही ऊर्जा मिळालेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या ९९.७ टक्के वेगाने धावत असतो. एवढी ऊर्जा देणारी नळी हातभर लांबीची असू शकते. १५ किंवा १८ एमईव्हीसाठी ती मीटरभर किंवा त्याहून लांब लागते. लांब नळी यंत्राच्या हातात आडवी बसवतात आणि तिच्या टोकाशी असलेला चुंबक झोताला रुग्णाच्या दिशेने वळवतो. अनेक यंत्रांत हे वळण २७० अंशांचे असते, कारण त्या वाटेने किंचित कमी-जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉनही पुन्हा एकाच बिंदूवर येतात.

या बिंदूवर टंगस्टनसारख्या जड धातूचे लक्ष्य असते. त्यावर आदळून इलेक्ट्रॉन अचानक मंदावतात आणि त्यांच्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि पाण्याच्या प्रवाहाने ती काढून घ्यावी लागते. गाठ त्वचेवर किंवा त्वचेलगत असेल तर लक्ष्य बाजूला सरकवून इलेक्ट्रॉनांचाच झोत वापरतात. मऊ ऊतीत इलेक्ट्रॉन दर सेंटिमीटरला साधारण २ एमईव्ही ऊर्जा गमावतो, त्यामुळे तो किती खोल जाईल हे ऊर्जा निवडून ठरवता येते.

६ एमव्ही (दशलक्ष व्होल्ट) क्ष-किरणांची कमाल मात्रा त्वचेखाली दीड सेंटिमीटरवर पडते आणि १८ एमव्हीची तीन सेंटिमीटरपलीकडे. त्वचा वाचते ती यामुळे. लक्ष्यानंतर क्ष-किरणांचा झोत शंकूच्या आकाराच्या गाळणीतून जाऊन एकसारखा होतो, मग दोन स्वतंत्र आयनकोष्ठ त्याची मात्रा क्षणोक्षणी मोजतात. ठरलेली मात्रा पुरी होताच पहिला कोष्ठ झोत तोडतो. तो चुकला तर दुसरा तोडतो.

हे सारे सामान गँट्री नावाच्या फिरत्या हातावर बसवलेले असते. गँट्री, झोताला आकार देणारा भाग आणि रुग्णाचा टेबल हे तिन्ही एकाच काल्पनिक बिंदूभोवती फिरतात. हा समकेंद्र लक्ष्यापासून एक मीटरवर असतो. गाठीचा मध्य तेथे आणला की गँट्री कोणत्याही कोनात गेली तरी झोत गाठीवरच राहतो. वाटेतल्या अवयवांवरची मात्रा अनेक दिशांत वाटली जाते आणि गाठीत ती एकत्र होते. समकेंद्राची जागा मिलिमीटरभरही हलू नये, हे टनावारी वजनाच्या या यंत्राच्या अभियांत्रिकीतील सर्वांत कठोर बंधनांपैकी एक आहे.

झोताला आकार

प्रारंभी झोत चौकोनी असे, आणि शिशाचे ठोकळे ओतून त्याला गाठीचा आकार दिला जाई. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि गाठ व आजूबाजूचे अवयव तीन मितींत दिसू लागले. पुढे ठोकळ्यांची जागा टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांनी घेतली. समोरासमोरच्या दोन रांगांतील अशा शंभर-सव्वाशे पट्ट्या स्वतंत्र मोटरींवर सरकतात आणि झोताला हवा तो आकार देतात. समकेंद्राशी एका पट्टीची रुंदी बहुधा पाच मिलिमीटर असते. काही यंत्रांत ती त्याच्या निम्मी असते.

या पट्ट्या झोत चालू असतानाच हलवल्या की क्षेत्राच्या प्रत्येक भागातली मात्रा कमी-जास्त करता येते. १९९० च्या दशकात रुग्णालयांत आलेल्या या पद्धतीला आयएमआरटी म्हणतात. येथे नियोजनाचा क्रम उलटा असतो. गाठीला किती मात्रा मिळावी आणि पाठीचा कणा, लाळग्रंथी, मूत्राशय यांना किती मर्यादेपर्यंत चालेल, हे डॉक्टर आधी ठरवतात. ते साधणाऱ्या पट्ट्यांच्या हालचाली संगणक शोधून काढतो. २००८ च्या सुमारास गँट्री फिरत असतानाच पट्ट्या आणि मात्रेचा वेगही बदलत ठेवणारी पद्धत आली, आणि वीस मिनिटांचा उपचार काही मिनिटांवर आला. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात लाळग्रंथी वाचवता आल्या, तर रुग्णाला पुढची कित्येक वर्षे कोरड्या तोंडाने घास गिळत बसावे लागत नाही. भारतात या कर्करोगांचे प्रमाण मोठे असल्याने येथे या तंत्राचे मोल अधिक आहे.

झोत इतका नेमका झाल्यावर रुग्णाचे हलणे ही मोठी अडचण ठरली. डोके-मान स्थिर ठेवण्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा जाळीदार मास्क बनवतात. गँट्रीवरच क्ष-किरण प्रतिमायंत्र बसवून रोज उपचारापूर्वी स्थिती तपासतात. फुप्फुसाची गाठ श्वासाबरोबर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकू शकते, म्हणून श्वासाच्या ठरावीक टप्प्यावरच झोत चालू ठेवतात. सायबरनाइफ या यंत्रात छोटा लिनॅक औद्योगिक यंत्रमानवाच्या हातावर बसवलेला असतो आणि तो गाठीचा माग काढत हलतो. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे एमआरआय आणि लिनॅक यांना एकत्र आणणारे यंत्र विकसित झाले. प्रबळ चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांची वाट वाकवत असल्यामुळे ही जोडणी अशक्यप्राय मानली जात होती. तेथे २०१७ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

प्रोटॉन : ठरलेल्या खोलीवर थांबणारा कण

क्ष-किरणांना कितीही आकार दिला तरी एक मर्यादा राहतेच. ते गाठीपलीकडेही जातात. पाटाने सोडलेले पाणी वाटेतल्या साऱ्या जमिनीत मुरत जाते आणि ठिबक मुळापाशी पाणी देते. क्ष-किरण आणि प्रोटॉन यांत काहीसा तसाच फरक आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड असतो. तो फारसा न वळता ऊतीतून जातो, आणि वेग कमी होत जाईल तशी दर मिलिमीटरला अधिकाधिक ऊर्जा टाकतो. शेवटच्या काही मिलिमीटरांत ही मात्रा शिगेला पोचते आणि त्यानंतर शून्यावर येते. या शिखराला विल्यम ब्रॅग यांचे नाव आहे. ७० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात सुमारे चार सेंटिमीटर जातो, १५० एमईव्हीचा सोळा आणि २३० एमईव्हीचा तेहतीस. ऊर्जा बदलली की थांबण्याची जागा बदलते.

रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये एका शोधनिबंधात प्रोटॉनच्या या गुणाचा उपचारासाठी उपयोग करण्याचा प्रस्ताव मांडला. ते युद्धकाळात लॉस अलामॉसमध्ये अणुबॉम्ब प्रकल्पावर काम करत होते. बर्कलीत १९५४ मध्ये पहिल्या रुग्णांना प्रोटॉन दिले गेले, १९५७ मध्ये स्वीडनच्या उप्सालात आणि १९६१ पासून हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर उपचार झाले. तीन दशकांहून अधिक काळ हे उपचार भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत, प्रयोगांतून उरलेल्या वेळात होत राहिले. रुग्णालयासाठीच बांधलेले पहिले प्रोटॉन यंत्र १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे सुरू झाले. त्याचा सिंक्रोट्रॉन फर्मी प्रयोगशाळेत तयार झाला होता, आणि विल्सन त्या प्रयोगशाळेचे संस्थापक संचालक होते.

प्रोटॉनसाठी दोन प्रकारचे वेगवर्धक वापरतात. सायक्लोट्रॉनमधून ठरावीक ऊर्जेचा अखंड झोत मिळतो. त्याची ऊर्जा कमी करण्यासाठी वाटेत ग्रॅफाइटसारख्या पदार्थाची कमी-जास्त जाडी आणतात आणि चुंबकांनी हवी ती ऊर्जा निवडून घेतात. सिंक्रोट्रॉन दर आवर्तनात हव्या त्या ऊर्जेपर्यंत कण नेऊन सोडतो. त्यात ऊर्जा गाळावी लागत नाही, पण झोत टप्प्याटप्प्याने मिळतो. बेल्जियमच्या आयबीए कंपनीच्या प्रचलित सायक्लोट्रॉनचे वजन सुमारे २२० टन आहे. अतिसंवाहक चुंबकांमुळे नवी यंत्रे बरीच हलकी झाली आहेत. झोताला रुग्णाभोवती फिरवणारी गँट्री मात्र अजूनही शंभरेक टनांची आणि तीन मजले उंच असते. तिच्या टोकाशी असलेले चुंबक पेन्सिलीएवढ्या झोताला आडवे-उभे वळवत गाठीचा एकेक थर बिंदू-बिंदूने भरून काढतात. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेने १९९६ मध्ये अशा बिंदू-पद्धतीने उपचार सुरू केले.

प्रोटॉनचा सर्वांत स्पष्ट लाभ मुलांना होतो. मेंदू आणि मेरुरज्जूच्या गाठींत पाठीच्या कण्यावर प्रोटॉन दिले तर पुढच्या बाजूचे हृदय, फुप्फुसे आणि आतडी जवळजवळ पूर्ण वाचतात. वाढत्या वयात या अवयवांना मिळालेली मात्रा पुढे दुसऱ्या कर्करोगाचे कारण ठरू शकते. कवटीच्या तळाशी असलेल्या आणि डोळ्यातील काही गाठींतही प्रोटॉन सरस ठरतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात मात्र चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यांत प्रोटॉन आणि आयएमआरटी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रोटॉन नेमक्या कोणत्या खोलीवर थांबेल याच्या गणितातही सीटीवरून काढलेल्या घनतेमुळे तीनेक टक्क्यांची अनिश्चितता राहते. वीस सेंटिमीटर खोलीवर ती सहा मिलिमीटर होते. म्हणून संवेदनशील अवयवाच्या ऐन तोंडाशी झोत थांबवण्याचे नियोजन डॉक्टर टाळतात.

कार्बनचे आयन

कार्बनचे आयन प्रोटॉनपेक्षा बारा पट जड असतात. ते वाटेत आणखी कमी विखुरतात आणि शिखराजवळ आयनीभवन इतके दाट करतात की डीएनएला झालेली इजा पेशीला सहसा दुरुस्त करता येत नाही. समान मात्रेला त्यांचा जैविक परिणाम क्ष-किरणांच्या दोन-तीन पट मानला जातो, त्यामुळे एरवी किरणांना दाद न देणाऱ्या गाठींवर त्यांचा उपयोग होतो. शरीरात तीसेक सेंटिमीटर जाण्यासाठी अणुकेंद्रातील प्रत्येक न्यूक्लिऑनमागे सुमारे ४३० एमईव्ही ऊर्जा लागते आणि ती देणारा सिंक्रोट्रॉन वीस-पंचवीस मीटर व्यासाचा असतो. जपानमधील चिबा येथे १९९४ मध्ये कार्बन उपचार सुरू झाले. नंतर जर्मनीतील हायडलबर्ग, इटलीतील पाव्हिया आणि ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथे केंद्रे उभी राहिली. यांपैकी शेवटच्या दोन केंद्रांचा आराखडा सर्नमध्ये झालेल्या अभ्यासातून आला. हायडलबर्गच्या गँट्रीचे वजन सहाशे टनांहून अधिक आहे.

सुरक्षेची घडण

थेरॅक-२५ या लिनॅकने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. हे यंत्र इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण दोन्ही देत असे. क्ष-किरणांसाठी इलेक्ट्रॉनांचा झोत कित्येक पट तीव्र लागतो. तंत्रज्ञाने पडद्यावरची नोंद झपाट्याने दुरुस्त केली की संगणक प्रणालीतील दोषामुळे तीव्र झोत लक्ष्याविना थेट रुग्णावर पडू शके. आधीच्या यंत्रांत अशा वेळी झोत तोडणारी यांत्रिक कुलपे होती. या यंत्रात त्यांचे काम केवळ संगणक प्रणालीवर सोपवले होते. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये केलेले या घटनांचे विश्लेषण आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. रुग्णाच्या सुरक्षेचा भार कोणत्याही एका घटकावर टाकू नये, हा त्याचा निष्कर्ष पुढच्या सर्व यंत्रांच्या रचनेत उतरला.

म्हणून रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी झोताची मात्रा, लेझरच्या रेषा आणि दाराचे कुलूप तपासले जाते. प्रत्येक गुंतागुंतीची योजना आधी मापनयंत्रावर चालवून पाहिली जाते. हे काम वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांचे असते. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून त्यांचे प्रशिक्षण चालू आहे. लिनॅकच्या खोलीच्या भिंती, झोत थेट पडतो त्या बाजूला, दोन मीटर किंवा त्याहून जाड काँक्रीटच्या असू शकतात आणि आत जाण्याची वाट वळणाची ठेवतात. १० एमव्हीच्या वर न्यूट्रॉनही निर्माण होत असल्यामुळे त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. या साऱ्याला मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. तिच्याशिवाय देशात एकही किरणोपचार यंत्र चालवता येत नाही.

भारतीय बनावटीची यंत्रे आणि खारघरचे केंद्र

भारतात या तंत्राचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. मुंबईच्या पवई परिसरातील ‘समीर’ या सूक्ष्मतरंग संशोधन संस्थेने देशी लिनॅक विकसित केला. त्यातले पहिले ४ एमव्हीचे यंत्र चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात बसले. पुढे ६ एमव्हीची यंत्रे तयार झाली आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ग्रामीण भागाला सेवा देणाऱ्या रुग्णालयात पोचली. भाभा केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र बनवले. त्याचे पहिले यंत्र टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या शाखेत बसले आणि नंतर असे एक यंत्र व्हिएतनामलाही गेले. विजेचा लपंडाव आणि तंत्रज्ञांची वानवा असलेल्या ठिकाणी कोबाल्ट यंत्राचे महत्त्व अजून संपलेले नाही.

प्रोटॉन उपचार भारतात प्रथम चेन्नईच्या अपोलो केंद्रात जानेवारी २०१९ मध्ये आले. सार्वजनिक क्षेत्रात ते खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आले. अणुऊर्जा विभागाच्या या हॅड्रॉन झोत उपचार सुविधेचे लोकार्पण ११ मे २०२३ रोजी झाले आणि त्याच वर्षी रुग्णांवर उपचार सुरू झाले. दोन्ही ठिकाणी आयबीएचे सायक्लोट्रॉन आहेत. टाटा स्मारक केंद्रात देशभरातून सामान्य घरांतली मुले उपचाराला येतात, आणि प्रोटॉनचा सर्वांत स्पष्ट लाभ लहान मुलांनाच होतो. त्यामुळे असे यंत्र सार्वजनिक रुग्णालयात असण्याला वेगळे महत्त्व आहे.

पुढची कामे

पॅरिसच्या क्युरी संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की पूर्ण मात्रा सेकंदाच्या अंशात, सेकंदाला ४० ग्रेहून अधिक वेगाने दिली तर उंदरांच्या निरोगी ऊतींना कमी इजा होते आणि गाठीवरचा परिणाम मात्र कायम राहतो. या ‘फ्लॅश’ पद्धतीने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान येथे पहिल्या रुग्णावर उपचार झाले. निरोगी ऊती का वाचतात याचे स्पष्टीकरण अद्याप पक्के नाही आणि मानवी चाचण्या चालू आहेत. जपानने २०२० मध्ये बोरॉन-न्यूट्रॉन उपचारासाठी वेगवर्धकाला मान्यता दिली. त्यात गाठीत साठलेल्या बोरॉनवर न्यूट्रॉन सोडून पेशीच्या आतच जड कण निर्माण केले जातात. १९३८ मध्ये बर्कलीत न्यूट्रॉन आवरता आले नव्हते. येथे त्यांचा परिणाम बोरॉन साठलेल्या पेशींपुरता राखण्याचा प्रयत्न आहे.

दुसरे काम तितकेच तातडीचे आहे. आफ्रिका आणि आशियातील अनेक देशांत यंत्रांची संख्या गरजेच्या मानाने फार कमी आहे, आणि असलेली यंत्रे वीज, सुटे भाग आणि दुरुस्ती यांवाचून आठवडेच्या आठवडे बंद राहतात. कमी वीज खाणारा, चढउतार सोसणारा आणि स्थानिक तंत्रज्ञांना दुरुस्त करता येईल असा लिनॅक घडवण्यासाठी सर्नमधील वेगवर्धकतज्ज्ञांच्या सहभागाने ‘स्टेला’ प्रकल्प चालू आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही २०२२ मध्ये याच हेतूने ‘रेज ऑफ होप’ हा उपक्रम सुरू केला. किरणोपचार पाच-सात आठवडे रोज घ्यावे लागतात. यंत्र दोनशे किलोमीटरवर असेल तर शेतमजूर रुग्ण अर्ध्यावर उपचार सोडतो, आणि अर्धवट मात्रेने गाठ मरत नाही. गाठीत ऊर्जा मिलिमीटरच्या अचूकतेने पोचवण्याचे शास्त्र आता हाती आहे. ते यंत्र रुग्णाला रोज जाता येईल इतक्या अंतरावर आणणे हे या तंत्रज्ञानाचे उरलेले काम आहे, आणि त्यासाठी टिकाऊ यंत्र, प्रशिक्षित माणसे आणि सार्वजनिक पैसा या तिन्हींची सारखीच गरज आहे.